कागदी अग्निबाण आणि सातवीचा वर्ग

लहानपणी दिवाळीत आमच्याकडे बाण बाटलीतून उडायचा. सरबताची रिकामी बाटली, तिच्यात तिरकी उभी केलेली काडी, वातीला लावलेली उदबत्ती आणि मग मागे धूम. बाणाची काडी मोडलेली असली की मोठी माणसे तो बाजूला काढून ठेवत. मोडक्या काडीचा बाण कुणाच्याही गच्चीत, कुणाच्याही खिडकीत शिरतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. तो असा का वागतो, हे मात्र आम्ही कधी विचारले नाही आणि कुणी आपणहून सांगितलेही नाही.

आमच्या आळीतल्या एका मुलाने विचारले असावे. न फुटलेल्या फटाक्यांची दारू जमवून, ती एका पितळी नळीत ठासून त्याने स्वतःचा बाण करायचा प्रयत्न केला. तो तेरा वर्षांचा होता. उजव्या हाताची दोन बोटे गेली. पुढे कित्येक वर्षे आळीत त्याचे नाव काढले जाई ते इतर मुलांना धाक घालण्यापुरतेच. त्याला नेमके काय जाणून घ्यायचे होते, हे मीही त्याला कधी विचारले नाही.

आज मी अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या एका सरकारी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. गेली काही वर्षे दर वसंतात माझा वर्ग रॉकेटे बांधतो आणि उडवतो. चोवीस मुले, चोवीस रॉकेटे. पहिल्या वर्षी मला वाटले होते की यात अवघड काही नाही. दुकानातून संच आणायचा, बांधायचा, उडवायचा. ‘कोणता संच?’ हा एवढासा प्रश्न किती खोल आहे, ते मला तीन वर्षांनी कळले. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. त्याचे उत्तर मोटरीची रचना, मैदानाची रुंदी, मुलांचा वेळ आणि शिक्षकाचा हेतू यांत वाटलेले आहे.

चपलांच्या दुकानातला शोध

या संचांचा जन्म अपघातांतून झाला, हे आधी सांगायला हवे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतल्या मुलांना रॉकेटांनी झपाटले. तळघरात, गॅरेजमध्ये, अंगणात मुले धातूच्या नळ्या घेत आणि त्यांत जस्त व गंधक किंवा हाती लागेल ते ज्वलनशील मिश्रण ठासत. पश्चिम व्हर्जिनियातल्या कोलवुड या खाणगावातल्या होमर हिकम या मुलाचा पहिला प्रयोग आईच्या बागेचे कुंपण उडवून संपला. तो पुढे नासात अभियंता झाला. त्याच्या आठवणींचे पुस्तक १९९८ साली आले आणि त्यावर चित्रपटही निघाला. हिकम सुदैवी होता. धातूची नळी फुटली की तिचे तुकडे गोळीसारखे उडतात आणि अनेक मुलांची बोटे, डोळे, काहींचे प्राणही त्यात गेले. आमच्या आळीतला मुलगा त्यांचाच भाऊबंद.

यावरचा उपाय नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी चपला-बुटांचे दुकान चालवणाऱ्या ऑरव्हिल कार्लाइल यांनी स्पुटनिकच्या आधीच शोधून ठेवला होता. त्यांना शोभेच्या दारूकामाचा नाद होता. त्यांचा भाऊ रॉबर्ट विमानांच्या प्रतिकृती उडवी आणि त्याला व्याख्यानात दाखवायला चालते-उडते रॉकेट हवे होते. १९५४ साली कार्लाइल यांनी कागदाच्या नळीचे, हलक्या लाकडी पंखांचे, छत्रीने सावकाश खाली येणारे आणि पुन्हा उडवता येणारे रॉकेट केले. खरी युक्ती त्याच्या मोटरीत होती. मोटर म्हणजे जाड कागदाची, कारखान्यात भरून आलेली, एकदा वापरून फेकायची कांडी. दारू कुणी हाताने ठासायची नाही. कांडी फुटलीच तर कागद फाटेल, पोलाद उडणार नाही.

१९५७ च्या फेब्रुवारीत व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र केंद्रात काम करणाऱ्या जी. हॅरी स्टाइन यांचा रॉकेटांच्या सुरक्षिततेवरचा एक लेख एका मासिकात आला. तो वाचून कार्लाइल यांनी स्टाइन यांना पत्र लिहिले आणि आपली रॉकेटे पाठवली. स्टाइन यांच्या लगेच लक्षात आले की मुलांना थांबवायचे नसेल, पण वाचवायचे असेल, तर मार्ग हाच. त्याच वर्षी त्यांनी हौशी रॉकेटकारांची राष्ट्रीय संघटना काढली आणि डेन्व्हरला संच विकणारी कंपनीही सुरू केली. कंपनीला मोटरी हव्या होत्या, त्याही हजारोंनी आणि एकसारख्या. डेन्व्हरमधल्या एका शोभेच्या दारूच्या व्यावसायिकाच्या मुलाने, व्हर्नन एस्टेस यांनी, ते काम अंगावर घेतले. त्यांनी बांधलेल्या यंत्राला ‘मेबल’ असे बायकी नाव पडले. साडेपाच सेकंदांना एक मोटर, हा तिचा वेग. १९६१ साली एस्टेस यांनी आपला कारखाना कोलोराडोतल्याच पेनरोज या लहानशा गावी हलवला. आज अमेरिकेतल्या बहुतेक शाळा ज्यांचे संच घेतात, ती एस्टेस कंपनी तीच.

मुलांना शिकवताना मी ही गोष्ट आधी सांगते. संचाच्या खोक्यावर छापलेला प्रत्येक नियम कुणाच्या तरी जखमेतून आलेला आहे हे कळले, की मुले तो पाठ करत नाहीत, पाळतात.

मोटरीच्या पोटात

संच निवडण्याआधी मोटर समजायला हवी, कारण संच तिच्याभोवती बांधलेला असतो. सर्वसाधारण मोटर ७० मिलिमीटर लांब आणि १८ मिलिमीटर जाड असते, साधारण हाताच्या बोटाएवढी. खालच्या टोकाला चिकणमातीचे दाबून बसवलेले तोंड. त्यावर घट्ट दाबलेली काळी दारू, म्हणजे आपल्या फटाक्यांतलीच सोरा, कोळसा आणि गंधक यांची. ही दारू रॉकेटला वर ढकलते. तिच्यावर सावकाश जळणाऱ्या मिश्रणाचा थर असतो. तो जोर देत नाही, फक्त वेळ काढतो आणि धूर सोडतो, म्हणजे रॉकेट कुठे आहे ते दिसते. सर्वांत वर थोडी सुटी दारू. ती पेटली की वायूचा झोत वरच्या दिशेने सुटतो, नाकाचा शंकू उडवून लावतो आणि छत्री बाहेर फेकतो. ढकल, वाट पाहा, छत्री उघड: तिन्ही कामे एकाच कागदी कांडीत, ओळीने.

मोटरीवर एक सांकेतिक नाव छापलेले असते, उदाहरणार्थ ‘बी६-४’. अक्षर सांगते एकूण आवेग, म्हणजे जोर आणि वेळ यांचा गुणाकार. ए मोटर अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी पाचपर्यंत, सी दहापर्यंत, डी वीसपर्यंत. प्रत्येक पुढचे अक्षर म्हणजे दुप्पट. ए च्या खाली अर्धा-ए आणि पाव-ए हेही प्रकार आहेत. मधला आकडा सरासरी जोर न्यूटनमध्ये सांगतो आणि शेवटचा आकडा दारू संपल्यावर छत्री उघडेपर्यंतचे सेकंद. म्हणून बी६-४ साठी पाचला सहाने भागले की जळण्याचा वेळ निघतो: सुमारे ०.८ सेकंद. मुलांना हा भागाकार फार आवडतो. सगळे उड्डाण पापणी लवायच्या आत ठरते आणि उरलेला बहुतेक प्रवास रॉकेट फेकलेल्या दगडासारखा, स्वतःच्या वेगावर करते, हे त्यातून कळते.

एका वर्षी एका मुलीने मला याच भागाकारात पकडले. आम्ही ए८-३ मोटरी वापरत होतो. तिने कंपनीच्या तक्त्यातला जळण्याचा वेळ पाहिला. तो पाऊण सेकंदाच्या आसपास. “मिस, अडीच भागिले पाऊण म्हणजे साडेतीनसुद्धा होत नाहीत. मग आठ कुठून आले?” तिचे बरोबर होते. त्या मोटरीचा सर्वोच्च जोर आठच्या वर जातो, पण सरासरी त्या मानाने बरीच कमी असते. नावातला आकडा जुन्या सवयीने चालत आलेला. छापलेला आकडा तपासून पाहायचा असतो हे त्या दिवशी सबंध वर्ग शिकला. मी आखलेल्या पाठात ते कुठेच नव्हते.

मैदान आधी, संच नंतर

नवा शिक्षक खोक्यावरचे चित्र पाहून संच घेतो. मीही तेच केले होते. खरा क्रम उलटा आहे: आधी मैदान मोजायचे, त्यावरून मोटर ठरवायची आणि त्या मोटरीवर चालणारा संच शोधायचा.

संघटनेच्या सुरक्षा-संहितेत मैदानाचा तक्ता आहे. मैदानाची लहान बाजू अर्धा-ए पर्यंतच्या मोटरीसाठी किमान १५ मीटर, ए साठी ३०, बी साठी ६०, सी साठी १२० मीटर हवी. अमेरिकन फुटबॉलचे मैदान सुमारे ४९ मीटर रुंद आणि ११० मीटर लांब असते. म्हणजे शाळेमागच्या मैदानावर ए मोटर बसते, बी बसत नाही. संचाच्या खोक्यावर मात्र ठळक अक्षरात सी मोटरीने गाठता येणारी उंची छापलेली असते, तीनशे मीटर वगैरे. ती वाचून मुले नाचतात, शिक्षकही नाचतो, आणि उड्डाणाच्या दिवशी अर्धी रॉकेटे शेजारच्या वस्तीच्या छपरांवर जातात.

किमान मैदान पुरते का, हे वारा ठरवतो. हे गणित फळ्यावर करून घ्यावे. साधारण शंभर मीटर उंचीवर छत्री उघडली आणि रॉकेट सेकंदाला चार मीटर वेगाने खाली येऊ लागले, तर ते पंचवीस सेकंद हवेत राहील. वारा सेकंदाला पाच मीटर, म्हणजे ताशी अठरा किलोमीटर असेल, तर तेवढ्या वेळात ते सव्वाशे मीटर वाहून जाईल. संहिता ताशी सुमारे ३२ किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यात उडवायला परवानगी देते. माझे मैदान देत नाही. छत्रीऐवजी नुसती लांब फीत लावली तर रॉकेट साधारण दुप्पट वेगाने उतरते आणि वाहून जाण्याचे अंतर निम्मे होते. हलक्या रॉकेटाला तेवढे पुरते. गवतावर ते मोडत नाही. म्हणूनच लहान मैदानाच्या शाळेला मी फितीचा संच सुचवते. छत्री बघायला सुंदर असते, पण मुलाला छत्रीपेक्षा आपले रॉकेट परत मिळणे महत्त्वाचे वाटते.

आमच्याकडे आणखी एक अडचण आहे. कोलोराडोचा उन्हाळा कोरडा असतो आणि वणव्याच्या भीतीने उघड्यावर आग लावण्यास अनेकदा बंदी येते. म्हणून आम्ही वसंतात, गवत हिरवे असताना उडवतो आणि त्याआधी मुख्याध्यापक व स्थानिक अग्निशमन दल यांना कळवतो. विमान-प्राधिकरणाची वेगळी परवानगी मात्र लागत नाही. दीड किलोपेक्षा हलके, १२५ ग्रॅमपर्यंत दारूचे आणि कागद, लाकूड, ठिसूळ प्लॅस्टिक यांचे रॉकेट केंद्रीय नियमांत त्या अटीतून वगळलेले आहे. आमची रॉकेटे मोटरीसकट पन्नास-साठ ग्रॅमची.

तीन वर्षे, तीन संच

बाजारात नवशिक्यांसाठी मुख्यतः तीन तऱ्हेचे संच मिळतात. कंपन्या वर्गासाठी एकाच खोक्यात बारा रॉकेटांचे सामान देतात आणि मोटरींचे चोवीसचे गठ्ठेही मिळतात. उड्डाणाचा मंच, विजेचा नियंत्रक आणि मोटरी बारांच्या खोक्यात नसतात, हे खोके उघडल्यावर कळू नये म्हणून इथेच सांगते.

पहिल्या वर्षी मी प्लॅस्टिकच्या पंखांचा संच घेतला. यात तिन्ही पंख एकाच साच्यातून निघालेले असतात. नळीच्या बुडाला बसवले की झाले. एस्टेसचे ‘अल्फा थ्री’ हे १९७० च्या दशकापासून चालत आलेले रॉकेट या जातीचे. दोन तासिकांत सगळ्यांची रॉकेटे तयार. चोवीसच्या चोवीस सरळ वर गेली. पालकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात चाचणीत मी प्रश्न घातला: पंख खालीच का लावतात? चोवीसपैकी पाच मुलांना सांगता आले. बाकीच्यांच्या उत्तरांचा मथितार्थ एकच होता: संचात तसे दाखवले होते म्हणून. ती चाचणी खरे तर माझी होती. चूक करायला जागाच नसलेला संच मी त्यांना दिला होता, आणि जिथे चूक होऊ शकत नाही तिथे प्रश्नही पडत नाही.

दुसऱ्या वर्षी मी दुसऱ्या टोकाला गेले. बाल्सा लाकडाच्या पंखांचा संच, म्हणजे मूळचे ‘अल्फा’, १९६० च्या दशकातले. लाकडाच्या पातळ फळीतून पंख सोडवायचे, सँडपेपरने कडा गोल करायच्या, नळीवर तीन समान अंतरावर रेघा मारायच्या, डिंकाने पंख चिकटवायचे, सुकू द्यायचे, मग सांध्यात पुन्हा डिंकाची कड भरायची. पंचेचाळीस मिनिटांच्या तासिकेत डिंक सुकत नाही; पाच तासिका लागल्या. मुले रमली, भांडली, शिकली. पण उड्डाणाच्या दिवशी सात रॉकेटे बिघडली. एका मुलीच्या रॉकेटाचा एक पंख सळई सोडतानाच निखळला आणि रॉकेटाने हवेत दोन कोलांट्या खाऊन तिच्यापासून तीस मीटरवर माती खाल्ली. सगळा वर्ग हसला. ती हसली नाही. तिने घाईत पंख एकदाच, एका थेंबाने चिकटवला होता. मला ते दिसले होते आणि तेवीस जणांच्या गडबडीत मी तिला थांबवले नव्हते. पुढचे दोन आठवडे तिने वर्गात हात वर केला नाही.

या दोन वर्षांनी मला प्रश्न नीट मांडायला शिकवले. वर्गासाठीच्या संचात चूक करायला जागा हवी, पण ती चूक मैदानावर, सगळ्यांसमोर नव्हे, तर त्याआधी बाकावर सापडायला हवी. संच निवडायचा तो या कसोटीवर.

तिसऱ्या वर्षी मी जाड पुठ्ठ्याच्या पंखांचा साधा संच घेतला. ‘व्हायकिंग’ नावाचे हे रॉकेट फितीने उतरते. त्याच्या पंखांचा आकार असा आहे की त्यांची कोणतीही बाजू नळीला चिकटवता येते आणि तीन, चार किंवा पाच पंख लावता येतात. म्हणजे एकाच खोक्यातून चोवीस वेगवेगळी रॉकेटे निघतात आणि प्रत्येकाला ‘तू हे असे का लावलेस?’ हे विचारता येते. पुठ्ठा बाल्सासारखा तुटत नाही. डिंक पांढरा, लाकडाचा, पाण्याने धुता येणारा; प्लॅस्टिकच्या डिंकाचा वास वर्गात कोंडत नाही. बांधणीला तीन तासिका. चौथी तासिका मी एका दोऱ्यासाठी राखून ठेवली.

दोऱ्याची परीक्षा

इथे आपल्या मोडक्या काडीच्या बाणाचे उत्तर आहे. उडत्या रॉकेटात दोन बिंदू महत्त्वाचे. पहिला गुरुत्वमध्य: रॉकेट बोटावर आडवे तोलले की जिथे तोल साधतो तो. हवेत रॉकेट डगमगले तर याच बिंदूभोवती फिरते. दुसरा दाबमध्य: बाजूने येणाऱ्या हवेच्या दाबाचा सारा परिणाम जिथे एकवटला आहे असे मानता येते तो. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असेल, तर तिरपे झालेले रॉकेट हवाच पुन्हा सरळ करते, वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा वाऱ्याकडे तोंड करतो तसे. दाबमध्य पुढे असेल, तर हवा त्याला आणखी फिरवते आणि रॉकेट कोलांट्या खाते. पंख मागे लावायचे ते दाबमध्य मागे ओढण्यासाठी. दिवाळीच्या बाणाची लांब काडी हेच करते: तिच्या वजनाने गुरुत्वमध्य मागे जातो खरा, पण तिच्या लांबीमुळे दाबमध्य त्याहून जास्त मागे जातो. काडी मोडली की हा हिशेब उलटतो.

दोन्ही बिंदूंत किमान नळीच्या जाडीइतके अंतर असावे, हा हौशी रॉकेटकारांचा ठोकताळा. दाबमध्य काढण्याची सुटसुटीत समीकरणे नासातले अभियंते जेम्स बॅरोमन यांनी १९६६ साली हौशी मंडळींसाठी मांडली. सातवीला ती जड जातात; दोरा जड जात नाही. मोटर बसवलेल्या रॉकेटाला गुरुत्वमध्यापाशी दोरा बांधायचा, चिकटपट्टीने पक्का करायचा आणि डोक्यावर गोल फिरवायचे. नाक पुढे ठेवून रॉकेट फिरले तर ते उडायला योग्य. शेपूट पुढे आली किंवा गिरक्या घेतल्या तर नाकात थोडी माती भरायची किंवा पंख मोठे करायचे, आणि पुन्हा दोरा.

त्या वर्षी पाच रॉकेटे दोऱ्यावर नापास झाली. एका मुलाने हट्टाने पंख नळीच्या मध्यावर लावले होते, ‘खऱ्या विमानासारखे’. त्याचे रॉकेट दोऱ्यावर उलटे फिरले. तो चिडला नाही. त्याने नाकात माती भरत भरत सहा वेळा ते फिरवले आणि कितव्या ग्रॅमला रॉकेट सुधारले ते वहीत लिहिले. हीच चूक मैदानावर झाली असती तर ती फजिती ठरली असती.

उड्डाणाचा दिवस

उड्डाणाच्या दिवसाचे तपशील संचाइतकेच महत्त्वाचे आहेत. एका मंचावर एक उड्डाण म्हटले तर, तयारी धरून, तीन मिनिटे जातात. चोवीस रॉकेटांना बहात्तर मिनिटे. म्हणून दोन मंच हवेत. मोटर पेटते ती विजेने. तिच्या तोंडात एक बारीक तार घालायची. तारेचे टोक दारूला टेकलेले हवे. ‘पेटलेच नाही’ या तक्रारीचे कारण दहात नऊ वेळा हेच, की ते टेकलेले नसते. अशा वेळी नियंत्रकाची किल्ली काढायची, साठ सेकंद मोजायचे आणि मगच जवळ जायचे. ए ते डी मोटरींसाठी सगळ्यांनी किमान पाच मीटर दूर उभे राहायचे. मी दहा मीटरवर दोरी बांधते. रॉकेट झाडावर किंवा विजेच्या तारांत अडकले तर ते गेले असे समजायचे.

बांधणीतल्या दोन गोष्टी मी प्रत्येक रॉकेट हातात घेऊन तपासते. मोटर आणि फीत यांच्यामध्ये अग्निरोधक कागदाचे बोळे घातले आहेत का, कारण ते विसरले की फीत वितळून गोळा होते. आणि नाकाचा शंकू. तो फार घट्ट असला तर निघत नाही आणि रॉकेट भाल्यासारखे जमिनीत घुसते. फार सैल असला तर आधीच गळतो. रॉकेट शंकूला धरून उचलले तर सुटू नये, हलके झटकले तर सुटावे.

उंची मोजायला कोनमापक, दोरा आणि एक वजन पुरते. मंचापासून पन्नास मीटरवर एक मुलगा उभा राहतो, रॉकेट सर्वांत उंच असताना त्याच्याकडे नेम धरतो आणि कोन वाचतो. साठ अंश आले तर पन्नास गुणिले १.७३, म्हणजे सुमारे सत्याऐंशी मीटर, अधिक डोळ्यांची उंची. वारा असला की रॉकेट वाऱ्याच्या दिशेने तोंड वळवते आणि हिशेब चुकतो. म्हणून समोरासमोर दोघे उभे करायचे आणि सरासरी घ्यायची.

आपल्याकडे काय?

सुटीत पुण्याला आले की शिक्षक मैत्रिणी विचारतात, येताना दोन संच घेऊन येशील का? नळी, पंख, शंकू आणता येतील, मोटर नाही. बारूद भरलेली कोणतीही वस्तू विमानाच्या सामानात चालत नाही. भारतात १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली आणि २००८ च्या नियमांखाली स्फोटके बनवायला आणि आयात करायला परवाना लागतो. हे परवाने पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. आणि दिवाळीच्या बाणातली दारू काढून स्वतःची मोटर करू नये. कार्लाइल यांच्या साऱ्या शोधाचा अर्थ एवढाच होता, की ठासण्याचे काम मुलाच्या हातून काढून घ्यावे.

पण मोटर हा या पाठातला सर्वांत कमी शिकवणारा भाग आहे. ती बंद येते, बंदच वापरायची. गुरुत्वमध्य, दाबमध्य, दोरा, कोनमापक, वाऱ्याचे गणित हे सारे दोन लिटरच्या शीतपेयाच्या बाटलीवर शिकवता येते. एक तृतीयांश पाणी, बुचातून सायकलची झडप, पायपंप, पुठ्ठ्याचे पंख, नाकाशी थोडी माती. दाबलेली हवा पाण्याला खाली ढकलते आणि बाटली वर जाते. पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याची जी वाट घालून दिली, तिच्यात हे रॉकेट सहज बसते. ओरखडे पडलेली बाटली वापरू नये, डोळ्यांना चष्मे लावावे, लांब दोरीने कळ ओढावी, दाब चढवताना बाटलीवर वाकू नये. धोका इथेही आहे. तो समजून सांगायचा असतो.

एक वाढीव रॉकेट

आता संच मागवताना मी चोवीस मुलांसाठी तीन डझन घेते. वरची बारा रॉकेटे दोऱ्यावर नापास होणाऱ्यांसाठी, आणि तरीही मैदानावर कुणाचे बिघडलेच तर त्याच दिवशी पुन्हा बांधून उडवायला. हा खर्च शाळेला पटवायला मला एक वर्ष लागले.

पंख निखळलेली ती मुलगी पुढच्या वर्षी आठवीत गेली होती. उड्डाणाच्या आदल्या दिवशी ती शाळा सुटल्यावर माझ्या वर्गात आली आणि म्हणाली, सातवीच्या मुलांचे पंख मी तपासू का? तिने चोवीसच्या चोवीस रॉकेटांचे पंख बोटाने हलवून पाहिले. तीन परत चिकटवायला लावले. उड्डाण झाल्यावर मी वाढीव खोक्यातले एक तिला दिले. तिने ते मैदानावरच, गवतात बसून बांधले. डिंक सुकायला वेळ नव्हता, म्हणून त्या दिवशी ते उडाले नाही. तिने ते घरी नेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या तासाला, दोऱ्याला बांधून, दारात फिरवत आणले.